ट्रॅक्टरला टर्बो बसवला, पण ब्रेक जुनाच! ऊस वाहतुकीतला हा हिशेब नीट मांडायला हवा

शिराळा, वाळवा, कडेगाव, खानापूर या पट्ट्यात गाळप हंगाम जवळ आला की गॅरेजांत ट्रॅक्टरांची रांग लागते. ऑइल बदलणं, क्लच प्लेट, टायर, ट्रॉलीचे हब, ही नेहमीची कामं. त्यात अलीकडं एक नवी चौकशी वाढलीय : "टर्बो बसवून मिळंल का?" मोबाईलवर व्हिडिओ बघून पोरं येतात. पंजाब-हरियाणाकडचे ट्रॅक्टर, पाईपातून काळा लोट, टर्बोची शिट्टी, आणि खाली लिहिलेलं असतं की पन्नासचा ट्रॅक्टर सत्तरसारखा ओढतो.

हौसेनं बसवणारे आहेत, नाही असं नाही. पण ऊस वाहतुकीतला माणूस हौसेसाठी पैसे घालत नाही. त्याचा हिशेब टनाचा असतो. कारखाना वाहतुकीचा दर टनावर आणि अंतरावर देतो. ट्रॅक्टरवर बँकेचा किंवा फायनान्सचा हप्ता, मुकादमाला दिलेली लाखांतली उचल, आणि टोळी कमी आली किंवा मधेच निघून गेली तर ती उचल बुडते, हे आपल्याकडं घरोघरी माहीत आहे. चार-पाच महिन्यांत सगळं वसूल करायचं. मग दोन ट्रॉल्यांत चार मोळ्या जास्त रचता येतील का, चढाला गिअर न बदलता जाईल का, दिवसाची एक खेप वाढेल का, हे विचार येणारच. टर्बो बसवणाऱ्याला वेडा म्हणून सोडून देणं सोपं आहे. त्याचा हिशेब बरोबर बसतो का, हे बघणं जास्त गरजेचं.

आधी टर्बो म्हणजे काय ते. इंजिनातून बाहेर पडणारा धूर गरम असतो, जोरात असतो. त्या जोरावर एक छोटा पंखा फिरवायचा, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा, तो बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. बस एवढंच. अल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरनं १९०५ साली याचं पेटंट घेतलं, म्हणजे कल्पना सव्वाशे वर्षांकडं चाललीय. साधारण २.९ लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन २१०० आरपीएमवर मिनिटाला जास्तीत जास्त तीन हजार लिटर हवा ओढतं. टर्बोनं अर्धा बार दाब दिला तर तेवढ्याच सिलिंडरमध्ये दीडपटीच्या जवळपास हवा बसते.

आता इथं पहिली मेख आहे, आणि व्हिडिओत ती कोण सांगत नाही. डिझेल इंजिनात नुसती हवा वाढवून ताकद फारशी वाढत नाही. ताकद डिझेलमधून येते. टर्बो बसवला आणि पंपाला हात लावला नाही, तर धूर कमी होईल, डिझेल थोडं चांगलं जळेल, चढाला जरा बरं वाटेल. पण पन्नासचे सत्तर होणार नाहीत. ते करायला मिस्त्री पंपाचं सील तोडतो आणि डिझेल वाढवायचा स्क्रू फिरवतो. म्हणजे खरं काम स्क्रूचं, शिट्टी टर्बोची. कितीतरी ट्रॅक्टरांना तर टर्बो नसतोच, नुसती पंप सेटिंग वाढवलेली असते. एक किलो डिझेल पूर्ण जळायला साडेचौदा किलोच्या आसपास हवा लागते, प्रत्यक्षात धूर न करता चालायचं तर त्याहूनही जास्त. हवा कमी आणि डिझेल जास्त झालं की पाईपातून काळा लोट. ज्याला पोरं पॉवर म्हणतात तो लोट म्हणजे पंपावर पैसे मोजून घेतलेलं, न जळलेलं डिझेल.

आणि हे आपल्याच ट्रॅक्टरांत का होतं, त्याला सरकारी नियमाचीही बाजू आहे. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरना प्रदूषणाचे ट्रेम-४ हे कडक नियम लागू झाले. त्यामुळं वरच्या ट्रॅक्टरांत कॉमन रेल, सेन्सर, कॉम्प्युटर आला आणि किंमत वाढली. ५० आणि त्याखालचे ट्रॅक्टर जुन्या साध्या पंपावर राहिले. शेतकऱ्यानं काय केलं? स्वस्त, साधा, गावच्या मिस्त्रीला कळणारा ट्रॅक्टर घेतला. काम मात्र साठ-पासष्टच्या ट्रॅक्टरचं. मधली पोकळी भरायला बाहेरचा टर्बो आला. यात शेतकऱ्याला दोष देऊन भागत नाही, पण पोकळी भरली जाते ती कागदावर, लोखंडात नाही.

लोखंडात काय होतं ते बघू

कंपनी जेव्हा स्वतः टर्बोचा ट्रॅक्टर काढते तेव्हा नुसता टर्बो डकवत नाही. पिस्टन वेगळा, रिंगा वेगळ्या, हेड गॅस्केट दणकट, बऱ्याच इंजिनांत पिस्टनच्या खालून तेलाचा फवारा मारणारे जेट असतात, रेडिएटर मोठा, ऑइल थंड करायची सोय वेगळी. कारण उष्णता. ॲल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं, पिस्टनचं मिश्रण त्याच्याही आधी मऊ पडतं. आत जळणाऱ्या वायूचं तापमान याच्या कितीतरी वर. तरी पिस्टन टिकतो, कारण तो उष्णता रिंगांमधून लायनरला आणि खाली तेलाला देत राहतो. तुम्ही डिझेल तीस टक्के वाढवलं की हा सगळा मेळ बिघडतो. पिस्टनच्या डोक्याला भेगा जातात, रिंगा चिकटतात, ब्रीदरमधून धूर यायला लागतो, हेड गॅस्केट उडते. लगेच नाही होत, हे लक्षात ठेवा. पहिला महिना ट्रॅक्टर पळतोच. म्हणून तर गावात नाव होतं आणि दुसरे चार जण बसवतात. खर्च निघतो तो जानेवारी-फेब्रुवारीत, ऐन हंगामात.

हवा दाबली की तापते, हेही विसरू नका. पस्तीस अंशाची हवा पाऊण बारच्या आसपास दाबली तर शंभर अंशांच्या पुढं जाते. गरम हवा विरळ असते, म्हणजे दाबून मिळवलेलं थोडं परत गेलं. म्हणून कंपन्या मधे इंटरकूलर घालतात. गावठी फिटिंगमध्ये तो बहुतेक वेळा नसतो, कारण त्याला पुढं जागा करावी लागते, पाईप फिरवावे लागतात, खर्च वाढतो.

टर्बोचं आयुष्य मात्र तेलावर. त्याचा दांडा मिनिटाला लाखाच्या पुढं फेरे घेतो, तो बेअरिंगच्या धातूवर नाही तर तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. त्याला इंजिनातून दाबाचं तेल द्यायला एक नळी आणि ते परत चेंबरमध्ये जायला जाड, सरळ उताराची नळी लागते. परतीची नळी बारीक किंवा वाकडी बसली की तेल तुंबतं आणि सीलमधून हवेच्या बाजूला उतरतं. इथून एक भयंकर प्रकार होऊ शकतो. इंजिन स्वतःचंच ऑइल हवेबरोबर ओढून जाळायला लागतं. मग आरपीएम आपोआप चढत जातं आणि स्टॉपची दोरी ओढली तरी इंजिन बंद होत नाही, कारण ते डिझेलवर चालतच नसतं. असं झालं तर इंजिनजवळ वाकून हात घालू नका. सीटवर असाल तर ब्रेक दाबून धरा, वरचा गिअर टाका, क्लच सोडा, इंजिन दाबून बंद पडू द्या. आसपासच्यांना लांब व्हायला सांगा.

भंगारातून काढलेला, दुसऱ्याच गाडीचा टर्बो बसवण्याची पद्धतही आहे. तो मोठा पडला तर आपल्या कमी आरपीएमवर दाबच तयार होत नाही, नुसता अडथळा. लहान पडला तर जास्त फिरून फुटतो. टर्बो इंजिनाच्या मापाचा लागतो, हे चपलेच्या मापाइतकं साधं आहे, पण व्हिडिओत "सगळ्या ट्रॅक्टरला बसतो" असं सांगतात. आणि फडातली धूळ. हवा जास्त ओढली जाते तशी धूळही. एअर क्लीनर तोच जुना, कपलिंगची क्लिप ढिली. पंख्याची पाती झिजायला एक हंगाम पुरतो.

इंजिन तगलं तरी पुढं क्लच आहे. वाढलेल्या ताकदीला क्लच प्लेट घसरते. ती बदलायची तर ट्रॅक्टर मधून फोडावा लागतो, म्हणजे दोन दिवस ट्रॅक्टर गॅरेजमध्ये आणि टोळी फडात बसून. मग गिअर, क्राऊन-पिनियन. एक जागा बळकट केली की ताण पुढच्या कमजोर जागेवर जातो, बैलगाडीचा जू बदलला की जोखड तुटतं तसं.

खेप खरंच वाढते का?

या सगळ्याचं मूळ कारण खेप. म्हणून आकडेमोड करून बघितली. दोन ट्रॉल्यांत वीस टन ऊस धरा, ट्रॉल्यांचं स्वतःचं वजन चारएक टन, ट्रॅक्टर अडीच. झाले साडेसव्वीस टन. शंभर मीटरला चार मीटर चढणारा रस्ता. पन्नासच्या ट्रॅक्टरची चाकापर्यंत पोचणारी ताकद चाळीस धरली तर हा चढ तो ताशी सातच्या आसपास चढेल. टर्बो आणि पंप मिळून ताकद तीस टक्के वाढली असं मानू. तर ताशी नऊ. एक किलोमीटरच्या चढाला आधी पावणेनऊ मिनिटं लागायची, आता पावणेसात. वाचली दोन मिनिटं. वाटेत असे तीन किलोमीटर चढ असले तर सहा मिनिटं. सपाट रस्त्याला तर वेग इंजिनावर ठरत नाही, रस्ता, खड्डे आणि मागच्या दोन ट्रॉल्यांचं डुलणं ठरवतं.

आता कारखान्यावर जा. नंबर लावा, यार्डात थांबा, काट्यावर वजन, गव्हाणीवर खाली होणं, परत रिकाम्या गाडीचं वजन. गर्दीच्या दिवसांत सहा-सात तास जातात, कधी रात्र जाते. मध्येच मिल बंद पडली तर दुसरा दिवस. जिथं सात तास रांगेत जातात तिथं रस्त्यावरची सहा मिनिटं वाचवून खेप वाढत नाही. फार तर रांगेत सहा मिनिटं आधी जाऊन उभं राहता येतं. माझ्या मते टर्बोच्या सगळ्या चर्चेत ही एक गोष्ट सोडून बाकी सगळ्यावर बोललं जातं. वाहतूकदारांनी एकत्र येऊन कारखान्याकडं वेळेचा नंबर मागितला, म्हणजे मोबाईलवर कळलं की तुमची गाडी इतक्या वाजता आणा, तर त्यातून जेवढा वेळ वाचेल तेवढा कुठलाच टर्बो वाचवणार नाही. तोडणीची तारीख, गाडीचा नंबर असं बरंच काही आता मोबाईलवर येतं. यार्डाची रांग तेवढी का येऊ नये?

मग राहिलं जास्त वजन. ओढायची ताकद इंजिनात आली तरी ती जमिनीवर उतरवतात मागचे टायर. मागं वजन वाढलं की चढाला ट्रॅक्टरचं तोंड उचलतं, स्टिअरिंग हलकं होतं. पुढं वजनं लटकवायची, बंपरवर माणसं बसवायची, हे प्रकार आपण बघतोच. बंपरवर बसलेला माणूस घसरला तर तो थेट पुढच्या चाकाखाली. तरी लोक बसतात.

आणि चढानंतर उतार असतो

ताकद वाढवणाऱ्या कुठल्याच किटबरोबर ब्रेक येत नाही. ट्रॅक्टरचे ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना, आणि ते ट्रॅक्टरच्या मापाचे. उसाच्या बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेकच नाहीत. म्हणजे अडीच टनाचा ट्रॅक्टर चोवीस टन थांबवायला निघालाय. वेग वीसवरून तीस झाला की थांबवायला लागणारा जोर दीडपट नाही, सव्वादोनपट होतो. उतारावर मागच्या ट्रॉल्या ट्रॅक्टरला ढकलतात. वळण आलं की ट्रॅक्टर आडवा होतो आणि पहिली ट्रॉली त्याच्या अंगावर चढते. सोबत बऱ्याचदा उसावर तोडणी मजूर बसलेले असतात, बायका असतात, लहान पोरं असतात. रात्री मागं रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली आणि त्यात घुसलेली दुचाकी, ही बातमी प्रत्येक हंगामात लिहावी लागते. टर्बोचे पैसे खर्चायचेच असतील तर ते ट्रॉलीच्या ब्रेकवर आणि मागच्या लाल दिव्यांवर खर्चा, असं मी सांगेन. यावर गॅरेजात कोण शिट्टी मारणार नाही, हे खरं.

कागदाचं काय?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसी बुकात कंपनीनं दिलेली जी माहिती नोंदलेली आहे ती बदलेल असा फेरफार गाडीत करता येत नाही. ट्रॅक्टर या कायद्यात मोटार वाहनच आहे. सुप्रीम कोर्टानंही जानेवारी २०१९ मध्ये हेच ठरवलं की कंपनीच्या मूळ नोंदीपासून फरक पडेल असा बदल चालणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२ अ आलं. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागं पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही. रस्त्यावर आरटीओ तुमचा टर्बो शोधत फिरत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. खरी अडचण अपघातानंतर येते. विम्याचा सर्व्हेअर येतो, बॉनेट उघडतो, फोटो काढतो. कंपनीनं न दिलेला टर्बो आणि सील तोडलेला पंप दिसला की तुमच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा अडकायला कारण मिळालं. समोरच्याला भरपाई द्यावी लागली तर ती नंतर मालकाकडून वसूल करण्याचा प्रयत्नही विमा कंपनी करू शकते. वर शेतीसाठी नोंदवलेला ट्रॅक्टर भाड्यानं वाहतुकीला, हा मुद्दा वेगळाच. नवीन ट्रॅक्टर असेल तर वॉरंटी त्याच दिवशी संपली समजा.

कारवाल्या पोरांचंही एक विचारणं असतं : "स्विफ्टला बसंल का?" पेट्रोलचं प्रकरण डिझेलहून नाजूक आहे. पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल एकत्र दाबलं जातं. आधीच दाबून भरलेली हवा आणखी दाबली की ठिणगीच्या आधी किंवा भलत्याच जागी पेट होतो, पिस्टनवर हातोडा पडल्यासारखा आवाज येतो आणि पिस्टन फुटतो. ते टाळायचं तर कॉम्प्रेशन कमी हवं, इंजेक्टर मोठे हवेत, कॉम्प्युटरची सगळी सेटिंग नव्यानं हवी. मारुतीनं २०२३ ला फ्रॉन्क्स काढली तेव्हा काय केलं बघा. साधं इंजिन १.२ लिटरचं, त्याचा टॉर्क ११३ न्यूटन-मीटर. टर्बोचं इंजिन १ लिटरचं, म्हणजे लहान, आणि टॉर्क १४८ च्या आसपास. कंपनीनं १.२ ला टर्बो जोडला नाही, टर्बोसाठी म्हणून बनवलेलं दुसरं इंजिन घातलं. ज्यांच्या हातात सगळे कारखाने आहेत त्यांनी जे केलं नाही ते शेडमधल्या मिस्त्रीकडून करून घ्यायचं का, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

ज्यांनी ट्रॅक्टरला आधीच बसवलाय त्यांच्यासाठी थोडं. पहिलं काम, पंप-नोझल कॅलिब्रेशनवाल्याकडं जाऊन पंप कंपनीच्या मापावर परत आणा. काळा धूर दिसतोय तोवर डिझेल जास्त आहे. चालू केल्यावर लगेच रेस करू नका, तेल टर्बोपर्यंत पोचू द्या. चढ चढून आल्यावर लगेच बंद करू नका, दोन-तीन मिनिटं स्लोवर चालू ठेवा, नाहीतर लाल झालेल्या टर्बोत तेल जळून कोळसा होतो. ऑइल ठरलेल्या तासांच्या आधीच बदला, एअर क्लीनर फडातून आल्यावर रोज झटका, कपलिंगच्या क्लिपा आठवड्याला आवळा. निळा धूर किंवा ऑइल कमी व्हायला लागलं तर ट्रॅक्टर थांबवून सील बघा, हंगाम संपायची वाट बघू नका. आणि विक्रीला काढाल तेव्हा समोरच्याला पंप सेटिंग वाढवली होती हे सांगा. जुना ट्रॅक्टर घेणाऱ्यांनीही पंपाचं सील शाबूत आहे का, मॅनिफोल्डवर नवं वेल्डिंग दिसतंय का, ब्रीदरमधून किती धूर येतोय, हे बघूनच इसार द्यावा.